वाकड्या कमानीचं कुलूप

१

चित्र आलंच नव्हतं.

ग्रंथालयाच्या नव्या इमारतीत, जिन्याच्या वळणावर, रंगीत काचेची उंच खिडकी बसवायची होती. तिच्या चित्रासाठी स्पर्धा लावली आणि चित्रं ग्रंथालयाच्या वेबसाइटवरून मागवली. मुदत संपल्यावर परीक्षकांनी आलेली चित्रं उघडली. ज्या काचकाम करणाऱ्या बाईचं चित्र बघायला ते मुळात आले होते, तिचंच त्यात नव्हतं. तिच्या सख्ख्या धाकट्या बहिणीचं मात्र होतं, आणि तेही चांगलं होतं. त्यामुळे कुजबूज दुप्पट झाली.

थोरली स्वतः ग्रंथालयात आली. आरडाओरडा नाही, रडणं नाही. साहेबांच्या टेबलासमोर उभी राहून एवढंच म्हणाली, की चित्र मी माझ्या हाताने पाठवलं, पोचल्याचा निरोप माझ्या डोळ्यांनी वाचला, आता ते कुठे गेलं ते तुम्ही सांगा. पाणीसुद्धा न पिता निघून गेली.

साहेब म्हणजे मुख्य ग्रंथपाल. त्यांनी ताईला बोलावलं. ग्रंथालयाची वेबसाइट एका पानाची होती तेव्हापासून ती ताईच्या हातची. आता त्या खोलीत दोघं होते. एक ताई, आणि दुसरा गेल्या वर्षी आलेला, ज्याला सगळे अजून ‘नवा’च म्हणत. विभागप्रमुखाची खुर्ची रिकामी होती आणि ती या दोघांपैकी एकाला मिळणार, हे शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं.

साहेब म्हणाले, “स्पर्धेचं पान त्या नव्या मुलाने केलंय. चित्र त्याच्या चुकीने हरवलं असेल तर त्याला घरी पाठवावं लागेल. तुम्ही शोधा. परीक्षक सोमवारी निकालाला बसतात, त्याआधी मला सांगा.”

ताई गंभीर चेहऱ्याने म्हणाली, की तरुण मुलगा आहे, वाईट वाटतं.

[ बरं झालं. ]

२

भांडण एका कुलपाचं होतं.

चित्र पाठवण्याचा फॉर्म ग्रंथालयाचा नव्हता. फायली सांभाळणाऱ्या एका कंपनीचा होता. ग्रंथालयाच्या पानात चौकोनी भोक पाडावं आणि त्यातून शेजाऱ्याची खोली दिसावी, तशी ती चौकट. पूर्वी त्या जागी सभासदत्वाचा फॉर्म असे, तोही असाच चौकटीतला. ब्राउझरच्या वरच्या पट्टीत छोटं कुलूप दिसतं, पण ते बाहेरच्या पानाचं. चौकटीच्या आत कोण बसलंय, आणि त्याच्याशी बोलणं बंद पाकिटातून जातंय की उघड्यावरून, याबद्दल वरची पट्टी मुकी. लोक घाबरत, फोन करत. म्हणून ताईने एकदा माउस धरून स्वतः एक पिवळं कुलूप काढलं, फॉर्मच्या खाली उजवीकडे बसवलं, आणि शेजारी लिहिलं: ‘कुलूप दिसल्याशिवाय पुढे जाऊ नका.’ फोन थांबले. साहेबांनी सभेत कौतुक केलं. त्या कौतुकावर ताईने कितीतरी कोरडे दिवस काढले होते.

नवा आला आणि पहिल्या महिन्यात त्याने ते कुलूप काढून टाकलं.

आता तो ताईसमोर खुर्चीच्या कडेवर बसून पुन्हा पुन्हा एकच सांगत होता. आवाज पडलेला, नखं खाल्लेली. कंपनीकडे त्याने विचारणा केली होती. थोरलीचं चित्र त्यांच्या दारापर्यंत आलेलंच नाही. अर्धवट नाही, बिघडलेलं नाही. आलंच नाही.

“म्हणजे वाटेत हरवलं,” ताई म्हणाली.

“वाटेत हरवतं तेव्हा पोचल्याचा निरोप येत नाही, ताई. त्यांना तर आला म्हणतात.”

तिने विषय कुलपावर आणला. त्याने कुलपाऐवजी फॉर्मखाली एक ओळ ठेवली होती: ‘हा फॉर्म स्वतंत्र पानात उघडा.’ ती दाबली की चौकटीतलं पान एकटंच समोर येतं, आणि मग वरच्या पट्टीत त्याचं स्वतःचं नाव आणि स्वतःचं कुलूप दिसतं. चित्र कुणीही काढू शकतं, ताई, असं तो तेव्हाही म्हणाला होता, आणि तेव्हाही सगळ्यांसमोर.

ताई हसून म्हणाली, की ती ओळ दाबतं कोण? लोकांना दार दाखवलं तर ते दाराचा रंग बघतात.

तो हळूच म्हणाला, “मला काढणार का हो?”

“बघू,” ताई म्हणाली.

[ याच्या आईने याला सकाळी डबा भरून दिला असेल. तो विचार मी करणार नाही. ]

३

थोरलीची कार्यशाळा एका लांबट घराच्या मागच्या भागात होती. पुढच्या भागात तिच्या नवऱ्याचं छपाईचं दुकान होतं. पत्रिका, पाट्या, आणि अलीकडे शेजारपाजारच्या दुकानांसाठी लहानसहान वेबसाइटही तो करून देई. दोन्हींच्या मधल्या बोळात, जिथे दुपारीही दिवा लावावा लागे, भिंतीवर रंगीत काचेची एक जुनी चौकोनी चौकट टांगलेली होती. काचकाम आणि अंधारात? ताईला गंमत वाटली आणि ती पुढे गेली.

थोरली काम थांबवून बोलणाऱ्यातली नव्हती. हिरकणीने काच कापायची, टचकन मोडायची, मग उत्तर द्यायची. यांनी पान उघडून दिलं, मी चित्र निवडलं, बटण मी दाबलं, एवढं तिने सांगितलं. कॉम्प्युटरचं तिला फार कळत नव्हतं, पण एक गोष्ट तिने वर्षानुवर्षं पाळली होती.

“कुलूप दिसल्याशिवाय मी पुढे जात नाही. तुमच्याच पानावर शिकले ते.”

कुठलं कुलूप, असं ताईने सहज विचारलं. थोरलीने काचेवर खुणा करायचा पांढरा खडू उचलला आणि खिडकीला टेकून ठेवलेल्या तावदानावर एक कुलूप काढलं. हात न उचलता, एका दमात. डबा, त्यावर कमान. कमानीचा डावा पाय उजव्यापेक्षा आखूड राहिला. सगळं कुलूप त्यामुळे एका बाजूला मान टाकून बसल्यासारखं दिसत होतं.

[ हिलाही सरळ काढता येत नाही. एवढं नाव, आणि साधं कुलूप वाकडं. ]

ताई मनातून इतकी सुखावली, की पुढचा प्रश्न विचारायचाच राहिला.

बाहेर पडताना नवऱ्याने तिला दुकानात बसवलं. बोलका, अदबीचा माणूस. त्याने सांगितलं की तोही काचकामच शिकला होता, हिच्या वडिलांच्या हाताखाली, हिच्याच बाकावर. “मग तिची लाइन लागली, माझी छपाई लागली. एका घरात दोन कलावंत म्हणजे चहा कोण करणार?” दोघं हसले. चित्र हरवल्याचं त्याला फार लागलं होतं, निदान तसं तो म्हणत होता. स्वतःहून त्याने नव्याचा विषय काढला.

“राग मानू नका, पण तुमच्या हातात होतं तेव्हा ते पान भरवशाचं वाटायचं. ते पिवळं कुलूप किती छान होतं. या पोराने तेही काढून टाकलं. हिच्यासाठी पान उघडलं तेव्हाच माझ्या मनात चर्र झालं, कुलूपसुद्धा नाही, कसलं पान हे.”

ताईने त्या दिवशी घरी जाताना स्वतःसाठी फुलं घेतली. पुष्कळ दिवसांनी.

४

धाकटी दुसऱ्या पेठेत राहत होती. वडील गेल्यावर दोघी बहिणींनी बाक वाटून घेतले आणि बोलणंही जवळजवळ वाटून टाकलं. ताई दारात दिसताच ती म्हणाली, की मी चोरलं का, हेच विचारायला आलात ना, मग चपला काढून बसा, लांबणार आहे.

लांबलं. बहिणीचा हेवा वाटतो का, या प्रश्नावर धाकटी अजिबात दुखावली नाही. लहानपणापासून वाटतो, ती म्हणाली, आणि तो लपवायला वेळ कुठे आहे. तिने स्वतःचं चित्र कसं पाठवलं तेही सांगितलं. कुलूप वगैरे काही तिला त्या पानावर दिसलं नव्हतं. फॉर्मखाली एक ओळ होती ती दाबली, फॉर्म वेगळा उघडला, वर कंपनीचं नाव वाचलं, आणि तिथूनच चित्र पाठवलं.

[ एक निघाली ओळ दाबणारी. ]

“मग तुमच्या बहिणीचं कुठे गेलं?”

“मला काय माहीत. पण ते नाहीसं व्हायला नको होतं. आता मी जिंकले तर जन्मभर ऐकेन, की अक्का नव्हती म्हणून जिंकलीस.”

ताईने तिला जरा गोंजारायचं ठरवलं. तुमची बहीण एवढी काही मोठी नाही, ती म्हणाली, परवा माझ्यासमोर साधं कुलूप काढलं, तेही वाकडं.

धाकटी हसली, आणि मग हसायची थांबली.

“अक्काने? शक्य नाही. वडील तिच्या रेघेला पट्टी लावून पट्टी सरळ आहे का ते बघायचे. तिला वाकडं काढता येत नाही हो. समोर वाकडं असेल तर वाकडं काढते, तंतोतंत, आपण चिडेपर्यंत.”

ताईला हे बोलणं मुळीच आवडलं नाही. तिने चपला घातल्या.

५

अहवाल लिहून झाला होता. ‘चित्र नव्या पानातील दोषामुळे हरवले.’ सही तेवढी राहिली होती. जुनं पान कसं चांगलं होतं याचा दाखला जोडावा म्हणून ताईने तिच्या जुन्या फायलींतून ते पिवळं कुलूप शोधलं. पानावर ते नखाएवढं दिसे. आता पडदाभर उघडलं.

कमानीचा डावा पाय आखूड होता.

माउसने काढताना तिचा हात त्या दिवशी घसरला असणार. इतक्या वर्षांत तिला ते दिसलं नव्हतं. आपल्या लेकराचं नाक बसकं आहे हे आईला दिसत नाही, तसं.

थोरलीने तावदानावर वाकडं कुलूप काढलं होतं, कारण तिने वाकडंच कुलूप पाहिलं होतं. वरच्या पट्टीतलं नाही, ते तर छापील आणि सरळ. तिने फॉर्मच्या खालचं, हे, ताईचं कुलूप पाहिलं होतं, आणि ते पाहून बटण दाबलं होतं.

पण हे कुलूप तर नव्याने काढून टाकलं होतं. थोरलीच्या कॉम्प्युटरने जुनं पान साठवून ठेवलं असेल आणि तेच पुन्हा दाखवलं असेल? ताईने तो धागा धरून पाहिला आणि तो लगेच तुटला. जुन्या पानात सभासदत्वाचा फॉर्म होता. खिडकीच्या स्पर्धेचा फॉर्म आला तो कुलूप गेल्यानंतर कितीतरी दिवसांनी. स्पर्धेचा फॉर्म आणि पिवळं कुलूप ग्रंथालयाच्या कुठल्याही पानावर क्षणभरसुद्धा एकत्र नव्हते. थोरलीने ते एकत्र पाहिले.

म्हणजे ते पान ग्रंथालयाचं नव्हतंच. कुणीतरी हुबेहूब पान केलं, आत आपला फॉर्म बसवला, आणि थोरली ज्याच्याशिवाय पुढे जात नाही ते कुलूप मुद्दाम जुन्या पानावरून उचलून आणलं. बाहेरच्या चोराला तिची ही सवय कशी माहीत असणार?

आणि नवरा म्हणाला होता, हिच्यासाठी पान उघडलं तेव्हा कुलूप नव्हतं. एका टेबलाशी बसलेली दोन माणसं. एकीला कुलूप दिसलं, एकाला दिसलं नाही. बायको खरं बोलत होती, कारण तिची रेघ खोटं बोलू शकत नव्हती. नवऱ्याने खरं पान आधी एकट्याने पाहिलं होतं, आणि तेच तोंडातून निसटलं. का निसटलं? ताईला खूश करायला. तिला काय ऐकायचंय ते त्याने एका नजरेत ओळखलं. एका मत्सऱ्याने दुसरीला ओळखलं.

अहवाल टेबलावर होता. पेन उघडं होतं. हे सगळं तिच्याशिवाय कुणाला सुचलं नव्हतं, सुचणारही नव्हतं.

[ सही कर. खुर्ची तुझी आहे. तो तरुण आहे, त्याला दुसरीकडे मिळेल. तू काही खोटं करत नाहीस, फक्त जे कळलं ते

६

ती कार्यशाळेत गेली. नव्याला बरोबर घेतलं नाही. त्याला वाचवायचं हे ठीक, पण वर श्रेयातही वाटा कशाला द्यायचा.

नवरा दुकानातून उठून मागे आला. ताईने थोरलीला विनंती केली, की त्या दिवशी जसं उघडलं तसंच पान पुन्हा उघडून दाखवा. यांनी त्या पानाची खूण करून ठेवलीय, असं म्हणत थोरलीने काच-धुळीच्या बोटाने ती खूण दाबली. नवऱ्याने एक हात टेबलावर ठेवला.

पान उघडलं. ग्रंथालयाचं नाव, ग्रंथालयाचा रंग, चौकटीत स्पर्धेचा फॉर्म. खाली उजवीकडे मान टाकून बसलेलं पिवळं कुलूप. वरच्या पट्टीतही कुलूप होतं, बंद, सरळ, अगदी खरं. फक्त त्याच्या शेजारी जो पत्ता होता त्यात ग्रंथालयाच्या नावाला एक जादा शब्द चिकटवलेला होता.

“हे पान आमचं नाही,” ताई म्हणाली. “वरचं कुलूप एवढंच सांगतं, की या पत्त्याशी बोलणं कुणी मधे ऐकत नाही. पत्ता चोराचा असेल तर चोराशीच खाजगीत बोलणं झालं. आणि खालचं कुलूप म्हणजे मी काढलेलं नुसतं चित्र. ते काहीच सांगत नाही.”

मग ती नवऱ्याकडे वळली. तुम्ही मला म्हणालात, पान उघडलं तेव्हा कुलूप नव्हतं. मग हे काय आहे?

तो कुलपाकडे बघत राहिला. छपाईवाल्याचा डोळा, त्यालाही तो आखूड पाय आत्ताच दिसला असावा.

थोरलीने ताईला काही विचारलं नाही. तिने नवऱ्याला विचारलं.

“चित्र कुठे आहे माझं?”

“आहे. पुसलं नाही.” तो म्हणाला, “नुसतं पाठवल्यासारखं केलं असतं, पण तू बटण स्वतः दाबल्याशिवाय राहत नाहीस. पोचल्याचं वाचल्याशिवाय उठत नाहीस. म्हणून एवढं सगळं करावं लागलं.”

मग त्याने बोळाकडे पाहिलं. सासऱ्यांनी एकदा दोघांच्या काचा शेजारी शेजारी उन्हात धरल्या होत्या. तिची खाली ठेवली नाही, जवळजवळ संध्याकाळपर्यंत बघत बसले. त्याची त्याच्या हातात परत दिली. त्यानंतर त्याने हिरकणी धरली नव्हती. ती काच बोळात त्यानेच टांगली, उजेड येणार नाही अशी जागा बघून. हे सगळं तो अगदी शांतपणे, बिल समजावून सांगावं तसं सांगत होता.

“चित्र पुसलं का नाहीस?” थोरली म्हणाली.

“रोज उघडून बघायचो. कुठे चुकलंय ते शोधत होतो.” त्याने खाली मान घातली. “सापडलं नाही.”

टेबलावर हिरव्या काचेचा एक तुकडा होता. थोरलीने तो उचलला, उजेडात धरला, परत ठेवला.

“मला माहीत आहे कुठे चुकलंय,” ती म्हणाली. “विचारायचं होतंस.”

७

साहेबांच्या खोलीत सगळे होते. परीक्षक, नवा, आणि बोलावलेलं नसताना आलेली धाकटी. ताई उभी राहिली. तिने सगळं पहिल्यापासून सांगितलं, आणि शेवटी जे कंसात ठेवायची तिला सवय होती तेही मोठ्याने सांगितलं. नव्याने कुलूप काढून टाकलं ते बरोबर केलं होतं. आपण काढलेलं चित्र लोकांना भरवसा देत होतं, पण तो भरवसा कुणीही उचलून नेण्याजोगा होता, आणि एकाने नेला. नव्याची ओळ थोरलीसमोर असती आणि तिने दाबली असती, तर वर कंपनीऐवजी भलतंच नाव दिसलं असतं. म्हणून तर त्या माणसाने ती ओळ आपल्या पानात ठेवली नाही.

“आणि याला घरी पाठवायचं नाही,” ती म्हणाली. हे वाक्य बाहेर यायला बाकी सगळ्यांपेक्षा जास्त वेळ लागला.

चित्र मुदतीआधी पूर्ण होऊन पाठवलेलं होतं, याचा पुरावा चोराच्याच घरात जपून ठेवलेला होता. तरी एक परीक्षक नियमाचं पुस्तक काढू लागले. तेव्हा धाकटी म्हणाली, की अक्काचं चित्र घ्या. मला तिला हरवायचंय, ती नसताना जिंकायचं नाहीये. हरले तर निदान घरातल्याच माणसाकडून हरेन.

सोमवारी थोरलीचं चित्र निवडलं गेलं. धाकटी निकाल ऐकून म्हणाली, की डाव्या कोपऱ्यात हिरवा जास्त झालाय. ते खरं होतं. थोरलीलाही ते माहीत होतं. खिडकी करताना तिने धाकटीला बोलावून घेतलं आणि दोघींनी कोपरा बदलला, दिवसभर एकमेकींना टोमणे मारत. नवरा छपाईच्या दुकानातच राहायला लागला होता. मागच्या भागात त्याला कुणी बोलावलं नव्हतं. पण बोळातली ती चौकोनी काच एका सकाळी खिडकीशी, उजेडात ठेवलेली होती. ती कुणी हलवली, ते दोघांपैकी कुणीच बोललं नाही.

खुर्ची नव्याला मिळाली. पहिल्याच दिवशी तो ताईच्या टेबलाशी आला, उभाच राहिला. ती ओळ अजून फारसं कुणी दाबत नाही, म्हणाला. मला पाटीसारखं कोरडं लिहिता येतं, लोकांशी बोलता येत नाही. तुम्हाला येतं, ताई. तुम्ही लिहून द्या ना.

तिने नाही म्हणायचं ठरवलं होतं. पण वाक्य तोवर तयारच झालं. ‘कुलपाचं चित्र आम्हीही काढू शकतो आणि चोरही. हा फॉर्म वेगळा उघडा, वर कुणाचं नाव आहे ते वाचा, मगच पुढे जा.’

त्याने ते जसंच्या तसं पानावर लावलं. अक्षरं मोठी, रेघ सरळ, सगळं कसं नेटकं. लोक दाबू लागले. पुढच्या सभेत साहेबांनी नव्या पानाचं कौतुक केलं, आणि नवा लाजून हसला.

[ वाक्य माझं

“वाक्य माझं आहे,” ताई सगळ्यांसमोर म्हणाली.

“हो,” नवा म्हणाला. “ताईंचं आहे.”